ऊर्जा कार्यक्षमता आणि स्वच्छ ऊर्जा: जोडीने येणाऱ्या दोन गोष्टींतला फरक

विकसनशील देशांच्या ऊर्जाधोरणांत, कर्जकरारांत आणि मदतनिधीच्या प्रस्तावांत ‘ऊर्जा कार्यक्षमता’ आणि ‘स्वच्छ ऊर्जा’ हे शब्द इतक्या वेळा जोडीने येतात की, एकाच खात्याने एकाच निधीतून करायचे ते एकच काम असावे, असा समज सहज होतो. वास्तविक हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वीज किंवा उष्णता कशापासून तयार झाली आणि ती तयार करताना हवेत काय सोडले गेले, हा स्वच्छ ऊर्जेचा प्रश्न. ती हाती आल्यावर तिच्या प्रत्येक युनिटमधून किती काम निघाले, हा कार्यक्षमतेचा. कोळशाच्या विजेवर चालणारा उत्तम पंप कार्यक्षम असतो, पण त्यामागची ऊर्जा स्वच्छ नसते. सौर पॅनेलवर चालणारा, पण निम्मी वीज वाया घालवणारा जुनाट पंप स्वच्छ ऊर्जेवर चालतो, पण त्याला कार्यक्षम म्हणता येत नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या सातव्या शाश्वत विकास ध्येयात दोन्हींची लक्ष्ये निराळीच ठेवली आहेत: ७.२ हे नवीकरणीय ऊर्जेचा वाटा वाढवण्याचे, तर ७.३ हे कार्यक्षमतेतील सुधारणेचा वेग दुप्पट करण्याचे. डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या हवामान परिषदेतही आकडे दोन ठरले. २०३० पर्यंत नवीकरणीय ऊर्जेची जागतिक क्षमता तिप्पट करायची आणि कार्यक्षमतेतील सुधारणेचा वार्षिक वेग सुमारे २ टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या पुढे न्यायचा.

हा फरक एका घराच्या हिशेबात नीट दिसतो. वीजवाहिनी न पोचलेल्या घरात चार दिवे रोज पाच तास लावायचे आहेत, असे समजू. ६० वॉटचे जुने तारेचे बल्ब लावले, तर रोज १,२०० वॉट-तास, म्हणजे १.२ युनिट वीज लागेल. तितकाच उजेड देणारे ९ वॉटचे एलईडी लावले, तर १८० वॉट-तासांत काम भागेल. चांगल्या उन्हात १०० वॉटचे पॅनेल दिवसाला साधारण ४०० वॉट-तास वीज देते, हे धरले तर पहिल्या घराला किमान ३०० वॉटचे पॅनेल लागते आणि दुसऱ्याला ४५ वॉटचे पुरते. बॅटरीतील गळती धरल्यास दोन्ही आकडे थोडे वाढतील, पण त्यांचे प्रमाण तेच राहील. बॅटरीही त्याच प्रमाणात लहान होते, आणि अशा संचात पुन्हापुन्हा बदलावी लागणारी, म्हणून डोईजड होणारी वस्तू बॅटरीच असते. दोन्ही घरांतली वीज सारखीच स्वच्छ आहे. मात्र गरीब कुटुंबाच्या आवाक्यात दुसराच संच येतो.

बांगलादेशात ‘इडकॉल’ या सरकारी वित्तसंस्थेने २००३ पासून राबवलेल्या घरगुती सौर संचांच्या कार्यक्रमात ४० लाखांहून अधिक घरांपर्यंत संच पोचले. हा कार्यक्रम स्वच्छ ऊर्जेचे यश म्हणून सांगितला जातो आणि ते योग्यच आहे; पण लहान पॅनेलवर घर उजळू शकले ते कमी वीज खाणाऱ्या दिव्यांमुळे. छपरावरचे पॅनेल दिसते आणि अहवालात मोजले जाते. दिव्याची कार्यक्षमता त्या आकड्यात कुठेच येत नाही.

इथे आणखी एक गल्लत दूर करायला हवी. कार्यक्षमता म्हणजे काटकसर नव्हे. भारनियमन केले की वीज कमी वापरली जाते, पण त्यामुळे कोणतेही यंत्र कार्यक्षम होत नाही. लोकांची गैरसोय तेवढी होते. श्रीमंत देशांत कार्यक्षमतेचे यश एकूण वापर किती घटला यावरून मोजता येते, कारण तिथल्या गरजा बहुतांशी भागलेल्या असतात. जिथे घरात पंखा नाही, दवाखान्यात लस थंड ठेवायला वीज नाही, तिथे वापर वाढणारच आहे आणि तो वाढायलाही हवा. अशा देशात चांगल्या पंख्यामुळे वीज वाचली आणि त्या वाचलेल्या विजेवर दुसरा पंखा लागला, तर एकूण वापर घटला नाही म्हणून योजना फसली असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. तेवढ्याच विजेत दुप्पट लोकांना वारा मिळाला, हे तिचे फळ आहे. बाहेरून आलेल्या सल्लागारांच्या अहवालांत नेमका हाच मुद्दा वारंवार निसटतो.

पैशाच्या बाबतीत तर दोन्हींचे मार्ग पूर्ण वेगळे आहेत. सौर किंवा पवन प्रकल्प एका जागी उभा राहतो, त्याचा एक मालक असतो, वितरण कंपनीशी वीस-पंचवीस वर्षांचा खरेदी करार असतो आणि तयार झालेले प्रत्येक युनिट मीटरवर नोंदले जाते. बँकेला असा व्यवहार समजतो. कार्यक्षमता मात्र लाखो घरांत, दुकानांत आणि लहान कारखान्यांत विखुरलेली असते, आणि तिचे उत्पन्न म्हणजे न वापरलेली वीज. न वापरलेल्या विजेला मीटर नसतो. ‘हा बदल केला नसता तर किती वीज लागली असती’ हे आधी ठरवावे लागते, त्यासाठी दिवा रोज किती तास लागतो, जुना दिवा कोणता होता, अशी गृहीतके धरावी लागतात आणि वाद तिथेच सुरू होतात. शिवाय खर्च करणारा एक आणि फायदा घेणारा दुसरा, ही अडचण असतेच: घरमालक स्वस्तातले वातानुकूलन यंत्र बसवतो आणि बिल भाडेकरू भरतो. वितरण कंपनीला विकलेल्या युनिटवर कमाई होत असेल, तर ग्राहकाने वीज वाचवावी यासाठी ती मनापासून झटेल अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

म्हणून कार्यक्षमतेला बहुधा दोनच मार्गांनी गती मिळते: विखुरलेली मागणी एकत्र बांधणे किंवा सरळ नियम करणे. पहिल्याचे ठळक उदाहरण भारताचे आहे. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेत सरकारी कंपनी ‘ईईएसएल’ने एलईडी बल्बची घाऊक खरेदी केली, खरेदीचा भाव २०१४ ते २०१६ या काळात जवळपास एक-अष्टमांशावर आला आणि ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. दुसऱ्या मार्गाने घाना गेला. युरोपातून येणारे वापरलेले फ्रिज घरोघरी भरमसाट वीज खात होते. २००८ मध्ये त्यांच्या आयातीवर बंदी घालणारा नियम झाला आणि २०१३ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. एकही पॅनेल न बसवता, एकही धरण न बांधता विजेवरचा भार हलका करणारा हा उपाय आहे. त्याचे उद्घाटन करता येत नाही, फीत कापता येत नाही, आणि माझ्या मते राजकारण्यांचे त्याकडे दुर्लक्ष होण्याचे हे एक मोठे कारण आहे.

दोन्ही गोष्टी अपयशी ठरतात त्याही आपापल्या तऱ्हेने. व्हिएतनाममध्ये २०१८ पर्यंत सौर वीज नगण्य होती. आकर्षक हमीदरामुळे, म्हणजे सौर वीज ठरलेल्या चढ्या भावाने विकत घेण्याच्या सरकारी हमीमुळे, २०२० च्या अखेरीस तिची क्षमता सुमारे १६ गिगावॉटवर गेली. पारेषण वाहिन्या मात्र त्या वेगाने वाढल्या नाहीत, आणि काही वेळा चालू प्रकल्पांची वीज घेणे थांबवावे लागले. झाम्बियाची बहुतेक वीज जलविद्युत प्रकल्पांतून, म्हणजे स्वच्छ स्रोतातून येते. २०२४ च्या दुष्काळात करिबा जलाशय आटला आणि देशाला दीर्घ भारनियमन सोसावे लागले. कार्यक्षमतेचे अपयश असे बातमीत येत नाही. तारांकनाचे लेबल लावलेले उपकरण प्रयोगशाळेत कुणी तपासलेच नाही, किंवा कमी-जास्त होणाऱ्या दाबामुळे चांगली मोटर जळाली आणि गावातल्या कारागिराने ती साध्या तारेने पुन्हा गुंडाळली, की कागदावरची बचत गुपचूप संपते.

आकडेवारीतही दोन्हींची सरमिसळ होते, आणि ती जाणकारांनाही चकवते. देशाची ऊर्जा कार्यक्षमता बहुधा ‘ऊर्जा तीव्रते’वरून, म्हणजे एकक राष्ट्रीय उत्पन्नामागे किती प्राथमिक ऊर्जा (वीज वगैरे रूपांतर होण्याआधीची, मूळ स्रोतातली ऊर्जा) लागली यावरून मोजली जाते. औष्णिक केंद्रात कोळशातील साधारण एक-तृतीयांश ऊर्जाच विजेत उतरते, त्यामुळे एक युनिट विजेमागे तीन युनिट प्राथमिक ऊर्जा मोजली जाते. सौर, पवन आणि जलविद्युत यांच्या बाबतीत मात्र आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या पद्धतीनुसार एका युनिटला एकच युनिट धरतात. परिणामी कोळसा काढून सौर वीज आणली, तर एकही पंखा किंवा पंप न बदलता देश ‘कार्यक्षम’ झालेला दिसतो. उलट टोकाला केनिया आहे. ओल्कारिया परिसरातील भूऔष्णिक प्रकल्पांमुळे तिथली जवळपास निम्मी वीज जमिनीतल्या उष्णतेपासून मिळते; पण भूऔष्णिक केंद्रासाठी याच पद्धतीत सर्वसाधारणपणे १० टक्के कार्यक्षमता गृहीत धरतात, म्हणजे एका युनिटमागे दहा युनिट प्राथमिक ऊर्जा. स्वच्छ वीज वाढवली म्हणून आकड्यात देश उधळ्या दिसावा, असा हा प्रकार आहे. ऊर्जा तीव्रतेचा आकडा वाचताना तो घटला तो यंत्रे सुधारल्यामुळे, स्रोत बदलल्यामुळे की कारखानेच बंद पडल्यामुळे, हे विचारल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

दोन्हींना जोडणारी एक साधी गोष्ट म्हणजे वाटेतली गळती. पारेषण आणि वितरणात २० टक्के वीज हरवत असेल, तर ग्राहकाकडे वाचलेल्या एका युनिटमुळे उत्पादनाच्या टोकाला सव्वा युनिट वाचते. रोहित्रे आणि वाहिन्या सुधारणे हे कार्यक्षमतेचे काम आहे, पण ते न केल्यास सौर उद्यानातल्या प्रत्येक पाच युनिटांमागे एक युनिट वाटेतच जाते.

दोन्हींची सर्वांत मोठी गुंतागुंत मात्र चुलीपाशी होते. जगात २ अब्जांहून अधिक लोक आजही लाकूड, कोळसा, शेण्या किंवा रॉकेलवर स्वयंपाक करतात आणि घरातल्या धुराने दरवर्षी सुमारे ३२ लाख मृत्यू होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. लाकूड नवीकरणीय आहे, पण घरात जळताना ते मुळीच स्वच्छ नसते. पारंपरिक चुलीत त्यातील जेमतेम १० ते १५ टक्के उष्णता भांड्यापर्यंत पोचते. सुधारित चूल हा कार्यक्षमतेचा उपाय आहे: सरपण कमी लागते, जंगलावरचा ताण कमी होतो, पण धूर सुरक्षित पातळीपर्यंत खाली येईलच असे नाही. स्वयंपाकाचा गॅस खनिज तेल आणि नैसर्गिक वायूपासून मिळतो, तरीही घरातली हवा हा निकष लावून आरोग्य संघटना त्याला स्वच्छ इंधनांत गणते. इंडक्शन शेगडी जवळजवळ ८५ टक्के वीज भांड्यात उतरवते. पण ती वीज ३५ टक्के कार्यक्षमतेच्या कोळसा केंद्रातून आणि २० टक्के गळतीच्या वाहिन्यांतून आली असेल, तर मूळ इंधनातील जेमतेम २४ टक्के ऊर्जा भांड्यात पोचते, म्हणजे साध्या गॅसशेगडीपेक्षाही कमी. तीच शेगडी जलविद्युतवर चालवली की हिशेब पार उलटतो. स्वयंपाकघरातली हवा सुधारणे, जंगल वाचवणे आणि कार्बन उत्सर्जन घटवणे या तीन हेतूंसाठी म्हणूनच उत्तर एकच येत नाही, आणि चुलींच्या योजनेत यांपैकी कोणता हेतू धरला आहे यावर सुधारित चूल, गॅस की वीज हे ठरते.