जुना मेटालिका, नवा मेटालिका आणि छाटलेली शिखरं

मेटालिका या अमेरिकन हेवी मेटल बँडचा नवा अल्बम आला की चाहत्यांत दोन तट पडतात, हे आता ठरलेलंच आहे. २०२३ मध्ये 'सेव्हंटी टू सीझन्स' आला तेव्हाही तेच झालं. एका गटाच्या मते खरा मेटालिका १९८६ च्या 'मास्टर ऑफ पपेट्स'पाशी, फार तर १९९१ च्या काळ्या अल्बमपाशी संपला. दुसरा गट म्हणतो, बँड तोच आहे, तुमचं वय झालंय. तरुणपणी ऐकलेलं सगळ्यांनाच गोड लागतं. या दुसऱ्या म्हणण्याला हल्ली 'हे मानसशास्त्राने सिद्ध केलंय' अशी पुस्ती जोडली जाते आणि वाद तिथेच मिटला असं समजलं जातं. मला हे पटत नाही. मानसशास्त्राची बाजू खरी आहे, पण अपुरी आहे. या वादाचा एक भाग निव्वळ भौतिकशास्त्राचा आहे, तो मोजता येतो, आणि तो मोजायला भाग पाडलं ते याच बँडच्या चाहत्यांनी.

आधी मानसशास्त्राचं देणं देऊन टाकू. रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आवडू लागते. गाण्यांच्या बाबतीत २०११ चं एक संशोधन महत्त्वाचं आहे. आवडत्या संगीताचा उत्कट क्षण येण्याच्या थोडं आधीच, म्हणजे तो येणार हे माहीत असताना, मेंदूच्या एका भागात डोपामिन हे आनंदाशी जोडलेलं रसायन स्रवतं आणि प्रत्यक्ष क्षणाला दुसऱ्या भागात. शेकडो वेळा ऐकलेल्या गाण्यात पुढे काय येणार हे पाठ असतं. नव्या गाण्याला ही सवलत मिळत नाही. शिवाय वयाच्या दहा ते तीस वर्षांतल्या आठवणी माणसाला सगळ्यांत ठसठशीत आठवतात.

पण मग २०२२ चं काय करायचं? एका वेब मालिकेत 'मास्टर ऑफ पपेट्स' अल्बममधलं त्याच नावाचं गाणं वाजलं आणि ते ३६ वर्षांनी पहिल्यांदाच अमेरिकेच्या मुख्य हिट यादीत पोहोचलं. ते ऐकणाऱ्यांतल्या कितीतरी जणांचा १९८६ मध्ये जन्मही झाला नव्हता. त्यांना कुठल्या आठवणी आल्या असतील?

आवाजाचा प्रश्न आठवणींपासून वेगळा काढायचा तर तीच गाणी, तेच वादन, तोच काळ ठेवून फक्त आवाजावरची शेवटची प्रक्रिया बदलावी लागेल. असा प्रयोग २००८ च्या सप्टेंबरमध्ये आपोआप घडला. 'डेथ मॅग्नेटिक' हा अल्बम सीडीवर आला आणि त्याच सुमारास त्यातली गाणी 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेमसाठीही आली. गेममध्ये प्रत्येक वाद्य वेगळं हाताळावं लागतं, म्हणून तिथे सुटे ट्रॅक दिले गेले होते आणि सीडीवर झालेली शेवटची दाबादाबी त्यांच्यावर झाली नव्हती. चाहत्यांनी दोन्ही ऐकलं आणि गेममधला अल्बम चांगला वाजतो असं बोलू लागले. मग कोणीतरी दोन्हींचे वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाच्या लहरीचे आलेख, शेजारी शेजारी मांडले. गेमच्या आवृत्तीत ड्रमच्या प्रत्येक ठोक्याला वर गेलेलं टोक दिसत होतं. सीडीच्या आवृत्तीत सगळी टोकं एकाच उंचीवर सपाट छाटलेली होती. अल्बम पुन्हा मिक्स करा, अशा मागणीवर हजारोंनी सह्या केल्या. मास्टरिंग, म्हणजे आवाजावरची ती शेवटची प्रक्रिया, करणारे टेड जेन्सन यांनी सांगितलं की मिक्स, म्हणजे सगळी वाद्यं आणि गळा एकत्र केलेलं ध्वनिमुद्रण, त्यांच्याकडे आलं तेव्हाच ते दाबलेलं होतं. ड्रमर लार्स उल्रिक यांनी मात्र अल्बमच्या आवाजाची बाजू घेतली.

हे छाटणं म्हणजे नेमकं काय, यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळी गंमत तिथे आहे.

सीडीवर आवाज आकड्यांत साठवतात: सेकंदाला ४४,१०० नोंदी, आणि प्रत्येक नोंद ६५,५३६ पातळ्यांपैकी एक. सगळ्यांत वरची पातळी हे छत. त्याला शून्य डेसिबल म्हणतात आणि त्याच्या वर आकडाच नाही. कान मात्र आवाज किती मोठा हे टोकांवरून ठरवत नाही, साधारण सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्यात सरासरी किती ऊर्जा आली त्यावरून ठरवतो. स्नेअर ड्रमच्या (खालच्या बाजूला तारा ताणलेल्या, कडक वाजणाऱ्या ड्रमच्या) ठोक्याचं टोक अवघे काही मिलिसेकंद टिकतं, त्यामुळे सरासरीत त्याची भर नगण्य असते. पण जागा तेच अडवतं. समजा एका गाण्याची टोकं छताला टेकलीत आणि सरासरी छताच्या १४ डेसिबल खाली आहे. तुम्हाला ते ८ डेसिबलने मोठं करायचंय. ८ डेसिबल म्हणजे लहरीची उंची अडीच पट. म्हणजे आधी छताच्या ४० टक्क्यांच्या वर असलेलं सगळं आता छताबाहेर जातं. ते लिमिटरने, म्हणजे टोकं छताखाली रोखणाऱ्या यंत्रणेने, दाबायचं किंवा सरळ छाटायचं. दुसरा मार्ग नाही.

एवढा खटाटोप कशाला? कारण तेच गाणं किंचित मोठ्याने लावलं तर ऐकणाऱ्याला ते 'मोठं' न वाटता 'चांगलं' वाटतं. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं की हळू आवाजात कान खर्जाला फारसा दाद देत नाही. पातळी वाढवली की खर्ज भरून येतो. आपला अल्बम शेजारच्या अल्बमपेक्षा भरदार वाटावा म्हणून १९९० च्या दशकापासून सगळेच पातळी चढवत गेले. यालाच लाउडनेस वॉर म्हणतात.

आता कोणी रास्त शंका काढेल: हार्ड रॉकची गिटारच मुळात छाटलेल्या लहरीवर चालते! व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरला झेपणार नाही इतका सिग्नल द्यायचा, लहरीची टोकं चपटी करायची, तोच तर डिस्टॉर्शनचा आवाज. मग तिथे संगीत आणि इथे कचरा, असं कसं?

हवेत दोन ध्वनी एकमेकांतून आरपार जातात, नवं काही निर्माण करत नाहीत. छाटणी मात्र नवे ध्वनी निर्माण करते. १०० हर्ट्झची एकच शुद्ध लहर वर-खाली सारखी छाटली तर ३००, ५००, ७०० हर्ट्झचे विषम पटीतले स्वर त्यात येतात. दोन स्वर एकत्र छाटले तर त्यांची संकरित संततीही येते: एकाची दुप्पट वजा दुसरा, एकाची दुप्पट अधिक दुसरा, वगैरे. हार्ड रॉकमधला पॉवर कॉर्ड म्हणजे मूळ स्वर आणि त्याचा पंचम, प्रमाण २:३. समजा ११० आणि १६५ हर्ट्झ. ११० ची दुप्पट वजा १६५ म्हणजे ५५. १६५ ची दुप्पट वजा ११० म्हणजे २२०. बेरजेचे ३८५ आणि ४४०. सगळेच्या सगळे ५५ च्या पटीत! म्हणजे छाटणीने जन्माला आलेला प्रत्येक स्वर एकाच कुटुंबात बसतो, वर मूळ स्वराच्या खालच्या सप्तकातला ५५ फुकट मिळतो. दोन-तीन तारांतून भिंतीएवढा आवाज निघतो तो या अंकगणितामुळे. ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी असो की मेटालिकाचा जेम्स हेटफील्ड, त्यांच्या हातांना हे बरोबर ठाऊक असतं.

आता गिटार, बेस, गळा आणि झांजा एकत्र मिसळून त्या मिश्रणाची टोकं छाटा. गिटार ११० वर आहे आणि गायकाने २६२ लावलाय. ११० ची दुप्पट आणि २६२ यांच्यातला फरक ४२, त्यांची बेरीज ४८२. हे दोन्ही आकडे पियानोच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत पडतात. ते कोणी वाजवलेले नाहीत, कोणी गायलेले नाहीत. झांजेत तर सुरात न बसणाऱ्या शेकडो कंप्रता असतात, त्या प्रत्येकीची प्रत्येकीशी अशी सांगड बसते. हाच तो खरखरीत पापुद्रा, जो मोठ्या आवाजात अर्धा तास ऐकला की कान थकवतो. शिवाय ठोक्याचं टोक गेल्याने ड्रमचा 'थाड'मधला 'था' जातो आणि नुसता 'ड' उरतो.

इथे एक भाबडी समजूत मोडून काढायला हवी. 'डिजिटलने संगीत मारलं, विनाइल (जुन्या पद्धतीची तबकडी) घ्या' असं सांगणारे आणि २४ बिट, १९२ किलोहर्ट्झच्या महागड्या फाइल विकणारे दोघेही ग्राहकाची दिशाभूल करतात. साध्या सीडीला सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला आहे, विनाइलचा त्याहून बराच कमी. विनाइल कधीकधी सरस वाजतं ते त्यासाठी वेगळं, कमी दाबलेलं मास्टर केलं असेल तर. आणि छाटलेलं टोक एकदा गेलं की गेलं. फाइल कितीही बिटांची करा, ते परत येत नाही. 'रीमास्टर्ड' असा शिक्का असलेल्या जुन्या अल्बमांबद्दलही सावध राहा. त्यातले कित्येक याच युद्धात नव्याने दाबले गेलेत, तेव्हा तुम्ही 'जुना आवाज' म्हणून जे ऐकता तो जुना असेलच असं नाही.

आता स्ट्रीमिंग सेवा प्रत्येक गाण्याची सरासरी पातळी मोजून सगळी एका रेषेवर आणतात. स्पॉटिफायची नेहमीची रेषा उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक) आहे. या मोजणीचं आंतरराष्ट्रीय मानक २००६ मध्ये आलं. दाबलेलं गाणं तिथे नुसतं खाली ओढलं जातं: मोठेपणाचा फायदा गेला, चपटेपणा तेवढा राहिला. तुम्हाला स्वतः तुलना करायची असेल तर ही सोय चालू ठेवूनच करा. १९८६ चं एखादं गाणं आणि 'डेथ मॅग्नेटिक'मधलं एखादं पाठोपाठ लावा, शब्द आणि चाल सोडून फक्त स्नेअरकडे कान द्या.

चाहत्यांच्या सगळ्या तक्रारी मात्र या मापात बसत नाहीत. १९८८ च्या अल्बममध्ये बेस जवळजवळ ऐकूच येत नाही, तो मिक्स करताना घेतलेला निर्णय होता, छाटणीचा परिणाम नव्हे. २००३ च्या 'सेंट अँगर'मधला डब्यासारखा घणघणणारा स्नेअर तर उल्रिक यांनी स्नेअरच्या तारा सैल सोडून मुद्दाम तसा ठेवला होता. तिथे टोकं शाबूत असती तरी तो तसाच घणघणला असता.