मुलाम्याची चहादाणी

जुन्या इंग्रजी चहादाणीचा कान निरखून पाहिला, तर तो भांड्याला जोडला जातो तिथे वरखाली हस्तिदंताची एकेक पातळ चकती बसवलेली अनेकदा दिसते. ती शोभेची नव्हे. चांदी आणि तांबे उष्णता इतक्या झपाट्याने वाहून नेतात की, कान अखंड धातूचा असता तर चहा ओतणाऱ्याचा हात पोळला असता.

अशी पुष्कळ भांडी वरून चांदीची आणि आतून तांब्याची असतात. तांब्यावर चांदीचा पत्रा ठेवून तापवल्यास दोन्ही धातू सांध्यावर एकजीव होतात आणि लाटले तरी सुटत नाहीत, हे शेफील्डच्या टॉमस बोल्सोव्हर यांच्या १७४३च्या सुमारास लक्षात आले. मात्र पत्रा कापला की कडेला तांब्याची लाल रेघ उघडी पडे. ती झाकण्यासाठी कारागीर चांदीचा काठ दुमडत किंवा चांदीची तार डाखत. जाणकार आजही हा काठ नखाने चाचपून पाहतात.

१८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन या चुलतभावांनी विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याचे पेटंट घेतले. सायनाइडयुक्त द्रावणात तयार भांडे बुडवून वीज सोडली की चांदीचे अणू त्यावर बसत जातात. एक अँपिअरचा प्रवाह तासभर वाहिला तर सुमारे ४ ग्रॅम चांदी जमा होते. पुढे आतला धातू बहुधा जर्मन सिल्व्हर असे, म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण. नावात चांदी असली तरी त्यात ती मुळीच नसते.

हा थर अनेकदा मिलिमीटरच्या काही शतांशांइतकाच असतो, म्हणून त्याची निगा मला फार महत्त्वाची वाटते. हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइड तयार होऊन भांडे काळवंडते. पॉलिशने घासले की त्या काळ्या थरासोबत त्यातली चांदीही जाते, आणि वर्षानुवर्षे घासलेल्या भांड्याच्या उंचवट्यांवर, विशेषतः तोटीच्या टोकाशी, आत तांबे असेल तर तांबूस छटा डोकावू लागते. त्याऐवजी ॲल्युमिनियमच्या कागदावर भांडे टेकवून त्यावर खाण्याचा सोडा घातलेले गरम पाणी ओतले, तर ॲल्युमिनियमकडून आलेले इलेक्ट्रॉन सल्फाइडमधल्या चांदीला पुन्हा धातुरूप देतात. नक्षीच्या खाचांत मुद्दाम राखलेला काळेपणाही त्यात निघून जातो, आणि हस्तिदंताच्या चकत्या गरम पाण्याने तडकू शकतात. म्हणून चकत्या असलेली चहादाणी अशा पाण्यात कधीही बुडवू नये.