नळाच्या तोटीचा हिशेब : शाळांच्या छोट्या अनुदानांची पार्श्वभूमी

मार्चचा शेवटचा आठवडा आला की झेडपीच्या शाळांतल्या मुख्याध्यापकांचे फोन सारखे वाजायला लागतात. "गुरुजी, यूसी पाठवली का?" केंद्रप्रमुख मुख्याध्यापकांना विचारतात, गटशिक्षणाधिकाऱ्यांचं कार्यालय केंद्रप्रमुखांना विचारतं, त्यांना जिल्हा आणि जिल्ह्याला मुंबईतली शिक्षण परिषद. यूसी म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र. मिळालेला पैसा ज्यासाठी दिला त्यावरच खर्च झाला, असं सही-शिक्क्यानिशी सांगणारा कागद. रक्कम कधी दहा हजार, कधी पंचवीस हजार. तेवढ्यात भिंत रंगते, नळाला तोटी बसते, विजेचं थकलेलं बिल भरलं जातं. एवढ्याशा पैशाचा जाब कोण, कुणाला आणि कशाबद्दल देतो, या प्रश्नाची उत्तरं गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत अनेकदा बदलली.

सुरुवात १८५४ च्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्यापासून करावी लागते. सगळ्या शाळा सरकारनेच काढायच्या असं नाही, दुसरं कुणी चालवत असेल तर सरकार हातभार लावेल, मात्र तपासणी मान्य करावी लागेल, असं धोरण त्यात ठरलं. अनुदान आणि तपासणी यांची गाठ तिथे बसली. मुंबई इलाख्यात १८६० च्या दशकात पुढची पायरी आली : निकालावर अनुदान. इन्स्पेक्टर येऊन परीक्षा घेणार आणि किती मुलं उतरली त्यावर शाळेची रक्कम ठरणार. जाब पैशाचा नव्हता, पोरांचा होता. आपल्याकडे 'दिपोटी (म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टर) येणार' या शब्दांना जी दहशत होती, तिचं मूळ अशा तपासण्यांत आहे. एका दिवसाच्या परीक्षेवर वर्षाची मिळकत अवलंबून म्हटल्यावर गुरुजी पाठांतर सोडून दुसरं काय करून घेणार? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही पद्धत मोडीत निघाली. पाठांतर मात्र राहिलं.

त्याच काळात दुसरा एक पैसा गावातूनच गोळा होत होता. शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी, आणि तिचा तिसरा हिस्सा शाळांना. १८६९ च्या कायद्याने ती रीतसर झाली. म्हणजे शाळेत जाणारा पैसा कुणब्याच्या खळ्यातून आलेला होता आणि त्याच्यावर हुकूम चालायचा कलेक्टर कचेरीचा. १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिलं, त्याचा रोख इथेच होता. तिजोरी भरते रयतेच्या घामातून, तर मग वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर तो पैसा ओतून रयतेच्या प्राथमिक शाळा कोरड्या का ठेवता? शाळेच्या पैशाचा जाब पैसा भरणाऱ्यांच्या बाजूने मागणारा इतका स्पष्ट आवाज त्याआधी मला तरी आढळलेला नाही.

पुढे लोकल बोर्डं आली, आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा. 'लोकल बोर्डाची शाळा' 'झेडपीची शाळा' झाली. इमारत, शिक्षक, पगार हे सगळं जिल्ह्याकडे. खडू, शाई, हजेरीपट यांसाठी शाळेच्या हाती यायचं ते सादिल. हा शब्द आजही जुन्या शिक्षकांच्या तोंडी आहे. सादिलचा हिशेब सोपा होता, कारण रक्कमच नगण्य होती. मोठी दुरुस्ती हवी तर अर्ज करायचा आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत वाट पाहायची. कौलं फुटली तर गावानेच चार माणसं वर चढवायची.

१९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर १९८७ मध्ये खडू-फळा मोहीम आली. किमान दोन खोल्या, दोन शिक्षक, आणि नकाशे, विज्ञानपेटी, खेळणी, वाद्यं असं साहित्य. इथे जाबदारीचा एक विचित्र परिणाम दिसला, त्यावर जरा थांबायला हवं. साहित्य आलं, त्याची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत झाली. नोंद झाली म्हणजे वस्तू गुरुजींच्या नावावर चढली. भिंग फुटलं, तराजूचं पारडं हरवलं तर उत्तर त्यांनी द्यायचं, प्रसंगी पदरचे भरायचे. मग शहाणा माणूस काय करतो? पेटीला कुलूप लावतो. तपासणीला साहेब आले की पेटी उघडायची, यादीप्रमाणे नग मोजून दाखवायचे, पुन्हा बंद. हिशेब चोख राहिला आणि मुलांनी भिंगातून मुंगी पाहिलीच नाही. पुढच्या सगळ्या योजनांत हीच पेटी वेगवेगळ्या रूपांत भेटत राहते.

१९९४ च्या जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाने, म्हणजे डीपीईपीने, रोख पैसा थेट शाळेच्या हातात देऊन पाहिला. शाळेला वर्षाला २,००० रुपये, शिक्षकाला साहित्यासाठी ५००. महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यात औरंगाबाद, लातूर, नांदेड, उस्मानाबाद आणि परभणी हे मराठवाड्यातले जिल्हे होते. खर्चाचा निर्णय ग्राम शिक्षण समितीने घ्यायचा, ही त्यातली नवी गोष्ट. २००१ च्या सुमारास सर्व शिक्षा अभियानाने हाच नमुना देशभर नेला. शाळा अनुदान वेगळं, देखभाल-दुरुस्ती अनुदान वेगळं, शिक्षक अनुदान वेगळं. पुढे शाळा अनुदान प्राथमिकला ५,००० आणि उच्च प्राथमिकला ७,००० झालं, देखभालीचं खोल्यांप्रमाणे ५,००० ते १०,०००.

पैसा गावात आला, पण लेखाशीर्षं वरून ठरून आली. दुरुस्तीचे पैसे तक्त्यांना चालत नाहीत, साहित्याचे पैसे तोटीला चालत नाहीत. एका शाळेची त्या काळातली किर्द, म्हणजे जमाखर्चाची वही, मी चाळली आहे. डाव्या पानावर जमेची एकच ओळ, तारीख फेब्रुवारीतली. उजव्या पानावर २६ ते ३० मार्चच्या दरम्यान अकरा व्हाउचरं : पांढरा ऑइलपेंट, ब्रश, चुना, मजुरी, पुन्हा ऑइलपेंट. व्हाउचरांना जोडलेली तीन दरपत्रकं, तिन्हींचं हस्ताक्षर एकाच माणसाचं. शेवटी शिल्लक शून्य. मी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. ते म्हणाले, "गळतंय ते छप्पर. पण छपराला एस्टिमेट लागतं, इंजिनीअर लागतो, मोजमाप पुस्तिका लागते. रंगाला फक्त बिल लागतं." चोरी म्हणावी असं त्या पानावर काही नव्हतं. महिनाभरात सोपं, दाखवता येण्याजोगं आणि हिशेबात अडकणार नाही असं कामच तेवढं होतं.

ही एका शाळेची तऱ्हा नव्हती. २००९ पासून, मुलांना किती वाचता-लिहिता येतं हे पाहणाऱ्या 'असर'च्या पाहणीला जोडून 'पैसा' नावाचे अभ्यास सुरू झाले. दिल्लीतल्या अकाउंटेबिलिटी इनिशिएटिव्हने ते केले. शाळेत जाऊन तीन प्रश्न विचारायचे : पैसा आला का, कधी आला, कशावर गेला. जिल्हावार अभ्यासासाठी देशातून जे नऊ जिल्हे निवडले होते, त्यांत आपला सातारा होता. बहुतेक शाळांना पैसा मिळत होता, पण वर्ष बरंच सरल्यावर, आणि रंगरंगोटी हा खर्चाचा ठरलेला मार्ग होता. शाळेने स्वतः ठरवावं अशी जागा फारच थोडी. त्यावेळच्या हिशेबातली आणखी एक खोड लेखापरीक्षकांनी वारंवार दाखवली होती : वरच्या खात्यातून खालच्या खात्यात रक्कम वर्ग झाली की ती 'खर्च' म्हणून धरली जायची. शाळेतली तोटी ठिबकत असताना कागदावर ती बसलेली असे.

कायद्यातला खरा बदल १ एप्रिल २०१० चा. त्या दिवशी शिक्षण हक्क कायदा लागू झाला. कलम २१ ने शाळा व्यवस्थापन समितीला जागा दिली : विनाअनुदानित शाळा वगळता प्रत्येक शाळेत ही समिती, तिच्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या स्त्रिया, आणि वंचित गटांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. समितीची कामं मोजताना कायदा स्पष्ट म्हणतो की सरकार, स्थानिक प्राधिकरण किंवा इतर कुठूनही आलेल्या अनुदानाच्या वापरावर तिने लक्ष ठेवायचं. कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडाही तिनेच करायचा. महाराष्ट्रात अध्यक्ष पालक आणि सचिव मुख्याध्यापक, बँकेचं खातं दोघांच्या सहीचं.

सही आली. लक्ष ठेवणं मात्र सहीइतकं सोपं नाही. अध्यक्ष ऊसतोडीला गेलेले, किंवा अध्यक्षबाई निवडून आलेल्या आणि चेकवर सही घ्यायला माणूस त्यांच्या घरी धाडलेला, हे अनेक गावांनी पाहिलं आहे. ठराव आधी लिहिला जातो, प्रोसिडिंग बुकावर सह्या मागून गोळा होतात. खर्चाचा तक्ता सर्वांना दिसेल असा लावायचा, तर तो ऑफिसच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला मी पाहिला आहे. लावलेला होता, हे नाकारता येणार नाही. याउलट जिथे एखादी आई बैठकीत "पाच लिटरचा डबा, मग दोन खोल्याच कशा रंगल्या?" असं विचारते, तिथे पुढच्या वर्षीचं बिल वेगळं निघतं. सीएच्या लेखापरीक्षेत हा प्रश्न उद्भवत नाही, कारण सीए बिल पाहतो, भिंत पाहत नाही.

२०१८ मध्ये सर्व शिक्षा आणि माध्यमिक अभियान मिळून समग्र शिक्षा झालं. वेगवेगळी अनुदानं जाऊन एकच संयुक्त शाळा अनुदान आलं, पटावर बेतलेलं : साधारण शंभरपर्यंत पट असेल तर २५,०००, अडीचशेपर्यंत ५०,०००, हजारापर्यंत ७५,००० आणि त्यावर एक लाख. अगदी लहान शाळांचा दर नंतर खाली आला, तीसपर्यंत पटाला १०,०००. किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चायचे, बाकी वीज, पाणी, इंटरनेट, साहित्य, दुरुस्ती यांत शाळेने वाटून घ्यायचे. लेखाशीर्षांची जुनी तक्रार यातून बरीचशी मिटली. वाडीवस्तीवरच्या शाळांची नवी तक्रार सुरू झाली : अठरा मुलांच्या शाळेलाही छप्पर पूर्ण आकाराचंच लागतं.

मधल्या काळात लोकवर्गणीचीही लाट आली. २०१५ च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रानंतर गावोगाव डिजिटल शाळा झाल्या. त्यात गावकऱ्यांचा, माजी विद्यार्थ्यांचा बराच पैसा होता. गंमत अशी की त्या पैशाला यूसी लागत नव्हती, तरी त्याचा हिशेब गावाला तोंडपाठ असायचा. प्रोजेक्टर कुणाच्या पाच हजारांतून आला, पंखा कुणाच्या वडिलांच्या स्मरणार्थ, हे पंख्यावरच लिहिलेलं.

सरकारी पैशाचा हिशेब याच सुमारास संगणकाकडे निघाला होता. केंद्राच्या वित्त मंत्रालयाने मार्च २०२१ मध्ये काढलेल्या आदेशानुसार १ जुलै २०२१ पासून प्रत्येक केंद्रपुरस्कृत योजनेचं राज्यात एकच मुख्य खातं ठेवलं गेलं. शाळेचं खातं शून्य शिलकीचं. शाळेला पैसा येत नाही, खर्चाची मर्यादा येते, आणि रक्कम पीएफएमएस या केंद्राच्या संगणक प्रणालीतून थेट दुकानदाराच्या खात्यात जाते. पैसा खालच्या खात्यांत पडून राहणं आणि त्यालाच खर्च म्हणणं, या दोन्ही गोष्टींना त्याने चाप बसला. दिल्लीत बसून कुठल्या शाळेने कुठल्या तारखेला किती दिले ते दिसतं.

ते दिसतं, पण तालुक्याच्या बाजारात एकट्याने काम करणारा प्लंबर जीएसटीचं बिल देत नाही. एक तोटी बसवून तो साडेतीनशे रुपये रोख मागतो. मुख्याध्यापक ते खिशातून देतात, आणि मार्चमध्ये हार्डवेअरच्या दुकानातून तेवढ्याच किमतीचं, रीतसर छापील बिल आणून सिस्टीमला चढवतात.