साबोनिस एनबीएत एवढा उशिरा का आला?

एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या, रेकॉर्डमध्ये लिथुआनियाचा आर्विदास साबोनिस शोधला तर ४७० मॅच, सरासरी १२ पॉइंट, ७.३ रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं), एवढंच दिसतं. बरा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच प्लेअर, होता म्हणायचं आणि पुढे जायचं. मग हाच माणूस २०११ ला बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या यादीत, कसा काय गेला आणि जुने बास्केटबॉलवाले त्याचा विषय निघाला की एवढे हळवे का होतात, हे नवीन फॅन्सना कळत नाही. ते कळायला पोर्टलंड, म्हणजे त्याच्या एनबीए टीमचं शहर, सोडून आधी लिथुआनियातल्या काउनासला जावं लागतं.

लिथुआनिया म्हणजे चिमुकला देश, पण बास्केटबॉलचं वेड असं की विचारू नका. १९३७ आणि १९३९, सलग दोनदा युरोपियन चॅम्पियन, त्यातली दुसरी स्पर्धा तर काउनासमध्येच झाली. त्या यशात फ्रँक लुबिन नावाच्या माणसाचा मोठा हात होता, हा मूळचा लिथुआनियन घराण्यातला अमेरिकन, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून गोल्ड जिंकलेला, नंतर लिथुआनियात येऊन खेळला पण आणि पोरांना शिकवलं पण. १९४० मध्ये सोव्हिएत युनियनने देशच गिळला आणि नॅशनल टीम हा प्रकारच संपला. मग उरला तो क्लब, काउनासचा झाल्गिरिस. हे नाव सुद्धा गंमतीशीर आहे, १४१० साली जर्मन सरदारांच्या फौजेचा धुव्वा उडवला त्या लढाईचं हे लिथुआनियन नाव. म्हणजे स्टेडियममध्ये क्लबच्या नावाने ओरडायचं आणि त्यात बरंच काही ओरडून घ्यायचं.

साबोनिस याच काउनासचा, जन्म डिसेंबर १९६४. उंची २२१ सेंटीमीटर, म्हणजे सात फूट तीन इंच. १९८१ पासून झाल्गिरिसकडून खेळायला लागला आणि १९८५, ८६, ८७ अशी तीन वर्षं ओळीने या क्लबने सोव्हिएत चॅम्पियनशिप मारली, तीही मॉस्कोच्या सीएसकेएला, म्हणजे रेड आर्मीच्या क्लबला मागे टाकून. लिथुआनियात तेव्हा या मॅचला नुसती मॅच कोण समजत असेल!

तेव्हाचा साबोनिस कसा होता ते बघायचं असेल तर १९८६ च्या माद्रिदमधल्या वर्ल्ड चॅम्पियनशिपची सेमीफायनल बघा, सोव्हिएत विरुद्ध युगोस्लाव्हिया. शेवटचा एक मिनिटही उरलेला नाही आणि सोव्हिएत नऊ पॉइंटनी मागे, म्हणजे मॅच संपल्यातच जमा. तेवढ्यात साबोनिसने लांबून थ्री, म्हणजे लाइनच्या बाहेरून तीन पॉइंटचा शॉट, मारला, तो आत. मग तिखोनेन्कोचा थ्री. मग युगोस्लाव्हियाचा व्लादे दिवाच, अठरा वर्षांचं पोरगं, त्याने टेन्शनमध्ये डबल ड्रिबल केलं (टप्पे थांबवून परत टप्पे टाकणं, हे नियमात बसत नाही), बॉल परत सोव्हिएतकडे, वाल्टर्सचा थ्री आणि मॅच टाय. ओव्हरटाइममध्ये ९१-९० ने जिंकले. मी ही क्लिप किती वेळा बघितली असेल देव जाणे, आणि दरवेळी तो पहिला थ्रीच डोक्यात राहतो, कारण त्या काळात सात फुटी सेंटर बास्केटखाली उभा राहायचा, लाइनच्या बाहेरून शॉट टाकायचं त्याचं कामच नव्हतं. फायनल मात्र अमेरिकेकडून दोन पॉइंटनी हरले. आणि तो काय अगदी साधू पण नव्हता हं, त्याच वर्षी युरोपियन कपच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या, फायनलमध्ये ड्राझेन पेट्रोविचच्या सिबोना झाग्रेबविरुद्ध समोरच्या प्लेअरला फटका मारला म्हणून बाहेर काढला गेला आणि झाल्गिरिस हरला.

एनबीएवाल्यांना हे सगळं दिसत होतंच. १९८५ ला अटलांटा हॉक्सने ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम आळीपाळीने नवे प्लेअर निवडतात तिथे, चौथ्या राउंडमध्ये त्याला घेतला पण तो २१ चा झाला नव्हता म्हणून पिक रद्द झाला. पुढच्या वर्षी पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्सने पहिल्या राउंडमध्ये, २४ व्या नंबरवर घेतला. घेतला म्हणजे कागदावर. सोव्हिएत सरकार त्याला सोडणार नव्हतं, आणि क्लब प्लस नॅशनल टीम असा त्याला वर्षभर नुसता जुंपला होता, त्यात टाचेची शीर तुटली, बरी होतेय तोवर परत तुटली. आपल्या मते सगळी गोष्ट खरं तर इथेच वळते, सरहद्दी नंतर उघडल्या पण ती टाच काही परत तशी झाली नाही.

१९८८ मध्ये उपचारासाठी त्याला पोर्टलंडला पाठवलं, ब्लेझर्सच्याच डॉक्टरांकडे, आणि तिथून थोडा सावरतोय तोवर सोव्हिएत टीमने थेट सोल ऑलिंपिकला उतरवला. सेमीफायनलला अमेरिकेला ८२-७६ ने पाडलं, मग फायनलला युगोस्लाव्हियाला. टीम सोव्हिएत, पण गाडी ओढत होते चार लिथुआनियन, साबोनिस, मार्च्युलिओनिस, कुर्तिनाइतिस आणि खोमिचुस. ब्लेझर्सचा जळफळाट झाला असणार, मेहनत यांची आणि मेडल त्यांचं.

१९८९ ला दारं उघडली, मार्च्युलिओनिस एनबीएच्या गोल्डन स्टेट टीमला गेला, साबोनिस स्पेनला. एनबीएचा ८२ मॅचचा सीझन त्या पायांना झेपला नसता. आधी वायादोलिद, मग १९९२ पासून रियाल माद्रिद. मधे बार्सिलोना ऑलिंपिक, आता स्वतंत्र लिथुआनियाकडून. अमेरिकेच्या ड्रीम टीमने, म्हणजे एनबीए स्टार्सच्या टीमने, ५१ पॉइंटनी धुतलं त्यांना, पण ब्राँझच्या मॅचमध्ये समोर कोण, तर जुन्या सोव्हिएत राज्यांची एकत्र टीम! ८२-७८ ने जिंकले आणि पोडियमवर ग्रेटफुल डेड या रॉक बँडच्या मदतीतून मिळालेले पिवळे हिरवे लाल टी-शर्ट घालून उभे राहिले, त्यावर डंक मारणारा सांगाडा. १९९५ ला रियालला युरोपियन चॅम्पियन करून मग गडी शेवटी पोर्टलंडला आला, तिशी उलटलेला रुकी, म्हणजे लीगमध्ये नवखा.

ब्लेझर्सचे बॉस बॉब व्हिटसिट यांनी नंतर सांगितलेला किस्सा आहे, एक्सरे बघून डॉक्टर म्हणाले की याला अपंगांच्या पार्किंगची जागा मिळू शकेल. त्या पायांवर पहिल्याच सीझनला २४ मिनिटांत १४.५ पॉइंट. उडी गेली होती, पळणं गेलं होतं, मग तो फ्री थ्रो लाइनजवळ उभा राहायचा, पाठ बास्केटकडे, बॉल एका हातात वर धरलेला, आणि कोणी कट मारला की न बघता मागे पास. बघणाऱ्याला वाटायचं याच्या डोक्याला मागे पण डोळे आहेत. २००० च्या वेस्ट फायनलला, म्हणजे एनबीएच्या पश्चिम गटाच्या फायनलला, लेकर्सच्या शॅकिल ओनीलला अंगावर घेण्याचं काम त्याचंच, सातव्या मॅचमध्ये चौथ्या क्वार्टरला १५ पॉइंटची लीड होती आणि ती पण घालवली, त्यावर न बोललेलं बरं.

नंतर परत झाल्गिरिस, २००३-०४ ला एकोणचाळिशीत युरोलीगमध्ये (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा) एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम प्लेअर, २००५ ला रिटायर, पुढे २०११ ते २०२० लिथुआनियन फेडरेशनचा अध्यक्ष. पोर्टलंडमध्ये असताना १९९६ ला झालेला त्याचा मुलगा दोमांतास २०१६ च्या ड्राफ्टमध्ये ११ व्या नंबरवर गेला, बापाच्या जर्सीचा नंबरही ११ च. पोराच्या नावावर आता तीन ऑल-स्टार (एनबीएच्या निवडक स्टार्सची मॅच) निवडी आहेत, बापाला एकदाही मिळालं नाही.