लाउटरब्रुनेन खोऱ्यातील एकदिवसीय पदभ्रमण

स्वित्झर्लंडच्या बर्न कॅन्टनमधील (प्रांतातील), युंगफ्राउ शिखराच्या पायथ्याशी असलेल्या लाउटरब्रुनेन खोऱ्यात सकाळी निघून संध्याकाळी मुक्कामी परतता येईल अशा पायवाटांचे दाट जाळे आहे. पदभ्रमणासाठी आल्प्समधील जी खोरी सर्वांत प्रसिद्ध आहेत, त्यांत याची गणना होते. प्रसिद्धीमुळे गर्दीही भरपूर, पण ती बहुतेक गावातल्या मुख्य रस्त्यावर आणि पहिल्या धबधब्याच्या आसपासच रेंगाळते.

इथले चालणे समजून घ्यायचे तर आधी खोऱ्याची घडण पाहावी लागते. हिमयुगात येथून सरकलेल्या हिमनदीने खोरे इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखे कोरून काढले. त्यामुळे तळ सपाट आणि अरुंद, दोन्ही अंगांना शेकडो मीटर उंचीचे चुनखडकाचे सरळसोट कडे, आणि कड्यांच्या माथ्यावर पुन्हा मंद उताराची, सज्जासारखी कुरणे अशी तीन मजल्यांची रचना तयार झाली. तळाशी सुमारे ८०० मीटर उंचीवर लाउटरब्रुनेन गाव आहे. पूर्वेच्या सज्जावर वेंगेन (१,२७४ मी.) आणि पश्चिमेच्या सज्जावर म्युरेन (१,६३८ मी.) व गिमेलवाल्ट ही मोटारींना बंदी असलेली गावे आहेत. मधला कडा चढण्याचे काम रेल्वे आणि केबल कार करतात: वेंगेनची दातेरी रुळांची रेल्वे १८९३ पासून, तर ग्रुचाल्प ते म्युरेन ही छोटी रेल्वे १८९१ पासून चालू आहे. त्यामुळे शिखर गाठण्याची उमेद नसलेल्या माणसालाही दिवसभर दोन हजार मीटरच्या आसपास आरामात चालता येते. या खोऱ्याचे खरे वैशिष्ट्य हेच. उत्तम वाटा शिखरांवर नाहीत, सज्जांवर आहेत.

तळातली वाट लाउटरब्रुनेनहून श्टेखेलबेर्गपर्यंत पांढऱ्या लुचिने नदीच्या सोबतीने जाते. सहा-सात किलोमीटरच्या या वाटेला दोन तास पुरतात आणि चढ जवळजवळ नाहीच. हिमनदीने दळलेल्या खडकाची पूड पाण्यात मिसळलेली असल्याने नदी उन्हाळ्यात दुधट दिसते. गाव संपता संपता श्टाउबबाख धबधबा लागतो. सुमारे ३०० मीटर उंचीवरून सुटलेले पाणी तळाला पोहोचेपर्यंत त्याचे तुषार होतात. वारा असला की पडदा एका बाजूला सरकतो आणि मागचा ओला कडा उघडा पडतो. १७७९ मध्ये जर्मन कवी गटेने हा धबधबा पाहून त्यावर कविता लिहिली. कड्यात खोदलेल्या वाटेने धबधब्याच्या मागे जाता येते, मात्र फक्त उन्हाळ्यात. पाणी पाहायचे तर मे-जूनमध्ये यावे. शरद ऋतूत धार फारच क्षीण होते.

वाटेच्या मध्यावरचा ट्रुमेलबाख याच्या अगदी उलट. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ या शिखरांच्या उत्तरेकडील हिमनद्यांचे वितळलेले पाणी इथे डोंगराच्या पोटातून दहा टप्प्यांनी कोसळते. भर उन्हाळ्यात त्याचा प्रवाह सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत जातो. लिफ्टने वर जाऊन बोगद्यांतून आणि जिन्यांवरून उतरताना खडक थरथरतो आणि शेजारच्याशी ओरडूनच बोलावे लागते. कपडे भिजतात, आत थंडी असते. प्रवेशाला तिकीट आहे, हिवाळ्यात हे ठिकाण बंद असते.

पश्चिम सज्जावर ग्रुचाल्पपर्यंत केबल कारने जाऊन म्युरेनपर्यंत चालावे. रेल्वेच्या कडेने, झाडीतून जाणारी ही तास-सव्वा तासाची वाट लहान मुलांनाही झेपते आणि आयगर, म्योंख व युंगफ्राउ समोर ओळीने दिसत राहतात. पुढे गिमेलवाल्टपर्यंत डांबरी उतार आहे. तिथून श्टेखेलबेर्गला पायी उतरता येते, पण साडेचारशे मीटरचा तो उतार गुडघ्यांची परीक्षा पाहतो. केबल कार घेण्यात कमीपणा नाही.

पूर्वेकडची मेनलिखेन ते क्लायने शायडेक ही वाट सर्वाधिक गाजलेली. वेंगेनहून केबल कारने २,२०० मीटरच्या वर पोहोचले की साडेचार किलोमीटरचा रुंद मार्ग जवळपास समतल, थोडा उतरतच २,०६१ मीटरवरील खिंडीत नेतो. ती मेनलिखेनकडूनच सुरू करावी, म्हणजे आयगरची उत्तर भिंत सतत समोर राहते. सुमारे १,८०० मीटर उंचीची ही भिंत १९३८ मध्ये प्रथम सर झाली. जूनच्या सुरुवातीला या वाटेवर बर्फ असू शकतो.

श्टेखेलबेर्गच्या पुढे मोटाररस्ता संपतो आणि खोऱ्याचा सर्वांत शांत भाग सुरू होतो. ट्राक्सेललाउएनेन येथील जुन्या खाणकामाच्या खुणा मागे टाकून वाट ओबरश्टाइनबेर्गच्या कुरणांवर आणि पुढे सुमारे २,०६५ मीटरवरील ओबरहोर्नझे या लहानशा तळ्यापर्यंत चढते. सुमारे साडेअकराशे मीटरचा चढ आणि तितकाच उतार म्हणजे पूर्ण दिवसाचे काम. इथे मदतीला रेल्वे नाही, म्हणून गर्दीही नाही. एकच मोठी चाल करायची असेल, तर प्रस्तुत लेखकाच्या मते हीच करावी. हा वरचा भाग युंगफ्राउ-आलेच या जागतिक वारसा क्षेत्रात येतो (नोंद २००१, विस्तार २००७).

पायवाटांच्या खुणा देशभर एकसारख्या आहेत. साधी वाट पिवळ्या फलकाची. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरी वाट, जिला भक्कम बूट आणि न डगमगणारी पावले लागतात. पांढरा-निळा-पांढरा पट्टा अनुभवींसाठी. फलकावर सहसा किलोमीटर नव्हे तर वेळ लिहिलेला असतो. तो सपाटीवर ताशी ४.२ कि.मी. या वेगाने काढतात आणि त्यात विश्रांती धरलेली नसते. वर्णने वाचताना दोन तासांच्या वाटेला तीन तास धरलेले बरे. पदपथांचे जतन हा तिथे संविधानाचा विषय आहे. १९७९ च्या जनमताने त्यासाठी तरतूद झाली.

हंगाम साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. उन्हाळी दुपारी विजा कडाडतात, त्यामुळे उंचावरच्या वाटा सकाळीच उरकाव्यात. कुरणांत वासरांसह गाई चरत असल्यास लांबून वळसा घालावा. कुत्रा सोबत असेल तर अधिकच. विजेचे कुंपण ओलांडायला वाटेवर फाटक असते, ते मागे लावून घ्यायचे. हवाई बचावसेवेचा क्रमांक १४१४. हिवाळ्यात काही वाटांवरचा बर्फ दाबून त्या चालण्यासाठी खुल्या ठेवतात. त्यांचे फलक गुलाबी असतात.