दुर्मीळ इंग्रजी शब्दांचे उच्चारलेखन : बेळगाव सीमाभाग

इंग्रजीत क्वचित आढळणाऱ्या शब्दांचा उच्चार देवनागरीत कसा उतरवावा, हा प्रश्न सर्वच मराठी भाषकांपुढे असला, तरी बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात त्याला वेगळे अंग आहे. कारण येथील मराठी माध्यमाचा विद्यार्थी शाळेत कन्नडही शिकतो आणि एकाच इंग्रजी शब्दाकडे दोन वर्णमालांतून पाहू शकतो.

शब्द दुर्मीळ किंवा लांब असला म्हणजे उच्चारायला अवघड असतोच असे नाही. ‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’ (एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणे) हा २९ अक्षरांचा शब्द स्पेलिंगप्रमाणे सरळ वाचता येतो. खरी फसगत आखूड शब्दांत होते. जी-ए-ओ-एल असे लिहून ‘जेल’ असे वाचायचे, हे जुने ब्रिटिश स्पेलिंग नॉर्मन फ्रेंचमधून आलेले आहे. हिंडलग्याच्या जेलचा उच्चार सर्वांच्या तोंडी असूनही हे स्पेलिंग पाहून वाचक ‘गोल’कडे वळतो. ‘विटल्स’ (शिधा, खाद्यसामग्री) या शब्दात विद्वानांनी लॅटिन मूळ दाखवण्यासाठी ‘सी’ हे अक्षर नंतर घुसवले, उच्चार मात्र जुनाच राहिला. ‘कर्नल’मध्ये फ्रेंच ‘र’ बोलण्यात आणि इटालियन ‘ल’ लिहिण्यात टिकला. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेजिमेंटल सेंटर बेळगावात असल्याने हा शब्द येथे कानावरून आधीच ओळखीचा असतो, आणि असे शब्द डोळ्यांनी शिकण्यापेक्षा कानांनी शिकलेलेच बरे. ‘कॅन्टोन्मेंट’चा ब्रिटिश उच्चार ‘कॅन्टून्मेंट’ असा आहे. बेळगावकर बोलताना ‘कॅम्प’ म्हणून मोकळे होतात.

लिपींच्या तुलनेत मात्र रंजक भाग आहे. मराठी देवनागरीत ‘ए’ आणि ‘ओ’ यांची ऱ्हस्व-दीर्घ अशी वेगळी चिन्हे नाहीत, त्यामुळे ‘पैज’ आणि ‘आमिष’ या अर्थांचे दोन इंग्रजी शब्द आपण एकसारखेच ‘बेट’ लिहितो; कन्नड लिपीत या स्वरांची ऱ्हस्व आणि दीर्घ रूपे स्वतंत्र असल्याने तेथे हा घोळ होत नाही. उलट ‘ॲ’ आणि ‘ऑ’ ही चिन्हे मराठीने इंग्रजी शब्दांसाठी रुळवली, तर कन्नडमध्ये ‘कॅट’ बहुधा ‘क्याट्’ आणि ‘बॉल’ ‘बाल्’ असा लिहिला जातो. दोन्ही लिपींची जाण असलेल्यास यातून थेट लाभ होतो. वळवाच्या पहिल्या सरीनंतर तापलेल्या मातीतून उठणाऱ्या गंधाला १९६४ साली इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी ‘पेट्रिकॉर’ हे नाव दिले. त्यातला पहिला स्वर ऱ्हस्व आहे हे कन्नड अक्षर दाखवते, शेवटचा स्वर मराठी अक्षर दाखवते, आणि ‘सीएच’ला ‘च’ न म्हणता ‘क’ म्हणावे हे ग्रीक व्युत्पत्ती माहीत असल्यावरच कळते.

आघाताच्या, म्हणजे शब्दात जोर कुठे द्यायचा याच्या, बाबतीत दोन्ही लिपी अपुऱ्या पडतात. ‘पेट्रिकॉर’मध्ये जोर पहिल्या अवयवावर (एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यावर), ‘कॅन्टून्मेंट’मध्ये दुसऱ्यावर असतो, आणि जोर चुकीच्या जागी पडला तर स्वर अचूक असूनही इंग्रजी भाषकाला शब्द चटकन कळत नाही. उच्चार लिहून दाखवताना आघाती अवयवाआधी उभी लहान रेघ देण्याची आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीची पद्धत देवनागरीतही वापरता येते, जसे ˈपेट्रिकॉर, कॅनˈटून्मेंट.