भरतीच्या कागदावरचा कोरा रकाना : सैनिकांच्या डिसॅबिलिटी पेन्शनची पार्श्वभूमी

लष्कराच्या मेडिकल बोर्डाने घरी पाठवलेल्या जवानाच्या फायलीत दोन कागद सर्वांत मोलाचे असतात, आणि ते बहुधा एकमेकांच्या विरोधात साक्ष देतात. पहिला कागद भरतीच्या दिवशीचा असतो. त्यावर उंची, वजन, छाती, नजर, कान, दात असे सगळे मोजून लिहिलेले असते आणि आजाराची नोंद करायचा रकाना कोरा असतो, कारण त्या दिवशी मुलगा धडधाकट होता. दुसरा कागद दहा-पंधरा वर्षांनंतरचा, त्याला सेवेतून कमी करणाऱ्या बोर्डाचा. त्यावर आजाराचे नाव, अपंगत्वाची टक्केवारी आणि एक शेरा असतो : हा आजार सेवेमुळे जडलेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही. लष्करी कागदांत तो अनेकदा ‘एनएएनए’ (नायदर अ‍ॅट्रिब्युटेबल नॉर अ‍ॅग्रॅव्हेटेड) या चार अक्षरांत उरकलेला दिसतो. डिसॅबिलिटी पेन्शनचा भारतातला इतिहास हा मुख्यतः या दोन कागदांपैकी कोणाचे ऐकायचे, याच वादाचा इतिहास आहे. नियम फार पूर्वीपासून पहिल्या कागदाच्या बाजूने उभे होते. कचेऱ्यांची सवय मात्र दुसऱ्या कागदाच्या बाजूची राहिली.

युद्धात हात-पाय गमावलेल्या सैनिकाविषयी असा वाद सहसा झाला नाही. पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांना काम शिकवण्यासाठी १९१७ मध्ये मुंबईत सुरू झालेली आणि पुढे खडकीला गेलेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट, तसेच दुसऱ्या महायुद्धाच्या काळात १९४४ मध्ये पुण्यात उभे राहिलेले कृत्रिम अवयव केंद्र या संस्था डोळ्यांना दिसणाऱ्या जखमांसाठी होत्या. प्रश्न उभा राहिला तो न दिसणाऱ्या दुखण्यांचा : फेफरे, रक्तदाब, मानसिक आजार, मधुमेह, हृदयविकार. अशा दुखण्यांत ‘हे नोकरीमुळे झाले का’ हे कोणी सिद्ध करायचे, यावरच सारे अवलंबून असते.

या प्रश्नाचे उत्तर ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धाच्या मध्यावर बदलले. डिसेंबर १९४३ च्या शाही आदेशाने पुराव्याचा भार दावेदारावरून काढून घेतला आणि वाजवी शंका असेल तर तिचा फायदा दावेदारालाच द्यावा, असे सांगितले. त्याच वर्षी पेन्शन अपील न्यायाधिकरणांचा कायदाही झाला. तिथली अपिले पुढे न्यायमूर्ती डेनिंग यांच्यासमोर चालली, आणि त्यांपैकी १९४७ च्या मिलर खटल्यातील वाजवी शंकेची व्याख्या कायद्याचे विद्यार्थी आजही अभ्यासतात. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे, की आपल्याकडच्या नियमांची भाषा याच भाषेशी अगदी मिळतीजुळती आहे.

स्वतंत्र भारतात लष्कराचे पेन्शन नियम १९६१ मध्ये संकलित झाले. त्यातील १७३ व्या नियमानुसार, सेवेमुळे जडलेल्या किंवा सेवेमुळे बळावलेल्या अपंगत्वापायी ज्याला सेवेतून कमी केले गेले, आणि ज्याचे अपंगत्व किमान २० टक्के ठरले, त्याला डिसॅबिलिटी पेन्शन मिळते. ‘जडलेल्या’ आणि ‘बळावलेल्या’ हे दोन शब्द वेगळे आहेत, हे विसरले की पुढचे सगळे चुकते. एखादा आजार मुळात सेवेतून उद्भवलेला नसेल, पण बर्फात, जंगलात किंवा जहाजावर काढलेल्या वर्षांनी तो वाढला असेल, तरीही हक्क शाबूत राहतो. हा संबंध कसा ठरवायचा, हे १९८२ च्या हक्क नियमांनी सविस्तर लिहून ठेवले. पाचवा नियम असा, की भरतीच्या वेळी जे व्यंग नोंदवले गेले नसेल ते तेव्हा नव्हतेच असे मानावे, आणि पुढे वैद्यकीय कारणावरून सेवेतून काढले तर प्रकृतीचा बिघाड सेवेमुळे झाला असे धरून चालावे. नववा नियम असा, की हक्काच्या अटी सिद्ध करण्यास दावेदाराला सांगू नये, वाजवी शंकेचा फायदा त्याला द्यावा आणि फील्डमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष तैनातीच्या भागात, किंवा जहाजावर सेवा केलेल्यांच्या बाबतीत हात अधिक सैल ठेवावा. चौदाव्या नियमात डॉक्टरांसाठी एकच पळवाट आहे : हा आजार भरतीच्या तपासणीत सापडणे शक्य नव्हते असे वैद्यकीय मत असेल, तर तो सेवेत उद्भवला असे मानू नये; पण त्या मताची कारणे लिहिली पाहिजेत. मला विचाराल, तर या सगळ्या नियमावलीत ‘कारणे लिहिली पाहिजेत’ हा तुकडाच सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच वर्षानुवर्षे पाळला गेला नाही.

झाले असे, की बोर्डाच्या छापील फॉर्मवर ‘सेवेशी संबंध आहे का’ या प्रश्नापुढे ‘नाही’ आणि कारणापुढे ‘शरीरप्रकृतीतून उद्भवलेला आजार’ एवढेच लिहायची पद्धत पडली. फेफरे असो की सांधेदुखी, कारण तेच. शिवाय त्या काळात लष्कराची पेन्शन मंजूर होत असे ती अलाहाबादच्या लेखा कार्यालयात, आणि तिथले वैद्यकीय सल्लागार रुग्णाला न पाहता, नुसत्या कागदांवरून, बोर्डाचा अनुकूल शेरासुद्धा फिरवत किंवा टक्केवारी वीसच्या खाली आणत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९३ मध्ये सॅपर मोहिंदर सिंग यांच्या प्रकरणात हे अमान्य केले. जवानाला समोर बसवून तपासलेल्या बोर्डाचे मत, वरच्या वैद्यकीय मंडळाने पुन्हा प्रत्यक्ष तपासल्याशिवाय, कचेरीत बसून बदलता येत नाही, असा त्या निकालाचा अर्थ होता. तरीही अशी प्रकरणे पुढे कित्येक वर्षे न्यायालयांत येतच राहिली.

पाचव्या वेतन आयोगानंतर २००१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत निघालेल्या संरक्षण मंत्रालयाच्या पत्रांनी बऱ्याच गोष्टी बदलल्या. ठरावीक वर्षांनी जवानाला पुन्हा बोर्डापुढे बोलावून टक्केवारी मोजण्याची पद्धत बंद झाली. कायमस्वरूपी अपंगत्वाचे एकदा ठरलेले मूल्यमापन आयुष्यभरासाठी ग्राह्य, आणि फेरतपासणी हवी असल्यास ती फक्त जवानाच्या स्वतःच्या मागणीवरून, असे ठरले. दुसरा बदल टक्केवारीच्या टप्प्यांचा. पन्नासपेक्षा कमी अपंगत्व पन्नास धरायचे, पन्नास ते पंचाहत्तर असेल तर पंचाहत्तर, आणि त्यापुढे शंभर. पुढच्या वेतनश्रेणींमध्ये शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के इतका अपंगत्वाचा भाग (पेन्शनमधला अपंगत्वापोटीचा वेगळा हिस्सा) मिळू लागला. त्या हिशेबाने २० टक्के अपंगत्व असलेल्याला नुसत्या प्रमाणाने ६ टक्के मिळाले असते, ते या टप्प्यांमुळे १५ टक्के होतात. मात्र हा लाभ बोर्डाने काढलेल्यांनाच, मुदत संपवून निवृत्त झालेल्यांना नाही, अशी भूमिका सरकारने घेतली. ती भिंत पडायला डिसेंबर २०१४ मधील राम अवतार प्रकरणाचा निकाल यावा लागला.

मधल्या काळात दाद मागण्याची जागाही बदलली. २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण स्थापन झाले आणि ऑगस्ट २००९ मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. मुंबईच्या खंडपीठाकडे महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा आला. त्याआधी कोल्हापूर-साताऱ्याच्या जवानाला उच्च न्यायालयात रिट करण्यावाचून मार्ग नव्हता, आणि तिथे सेवाविषयक असंख्य प्रकरणांच्या रांगेत त्याचे प्रकरण पडून राही.

ज्या निकालाने खरोखर वारे फिरले, तो २ जुलै २०१३ चा धरमवीर सिंग खटला. सिग्नल्स कोअरमध्ये १९८५ साली भरती झालेल्या या शिपायाला १९९४ मध्ये फेफऱ्याच्या आजारामुळे २० टक्के अपंगत्व ठरवून घरी पाठवले गेले आणि पेन्शन नाकारली गेली. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ चे नियम ओळीने वाचले. भरतीच्या कागदावर फेफऱ्याची नोंद नव्हती. ती तेव्हा का सापडू शकली नसती, याची कारणे बोर्डाने दिली नव्हती. मग नियमानुसार आजार सेवेतच उद्भवला असे मानणे भाग होते. न्यायालयाने नवे काही शोधले नाही. एकतीस वर्षे छापून ठेवलेले नियम जसे होते तसे लागू केले. त्याच दिवशीच्या वीरपाल सिंग प्रकरणात न्यायालयाने मानसोपचारतज्ज्ञाच्या मोजक्या शेऱ्यांवर उभे केलेले निदान तपासून पाहिले आणि नव्याने वैद्यकीय मंडळ नेमायला सांगितले. वैद्यकीय नोंद हा शेवटचा शब्द नाही, ती प्रश्न विचारण्याजोगी आणि दुरुस्त करण्याजोगी गोष्ट आहे, हे तिथे स्पष्ट झाले. पुढे २०१४ मध्ये सुखविंदर सिंग आणि २०१५ मध्ये राजबीर सिंग प्रकरणांत हेच तत्त्व पक्के झाले. मे २०२५ मधील राजुमोन टी. एम. प्रकरणातही कारणे न देता काढलेले बोर्डाचे मत न्यायालयाने बाजूला ठेवले. बारा वर्षांनी तोच मुद्दा पुन्हा सांगावा लागतो, याचे दुःख वाटते.

दरम्यान सरकारच स्वतःच्या जवानांविरुद्ध अपिले लढवत होते. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांनी २०१५ च्या जुलैमध्ये अशा खटल्यांचे प्रमाण कमी करण्यासाठी तज्ज्ञ समिती नेमली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये समितीने अहवाल दिला. अपंग माजी सैनिकांच्या पेन्शनविरुद्धची अपिले मागे घ्यावीत, असे त्यात स्वच्छ म्हटले होते. शिफारस झाली, अपिले पूर्णपणे थांबली नाहीत.

न्यायालये इतके बोलली तरी मूळ प्रश्न कागदाचा राहतो, हे मला साताऱ्याकडच्या एका निवृत्त हवालदारांची फाईल पाहताना कळले. त्यांना रक्तदाबाचा त्रास. बोर्डाच्या फॉर्मवर लिहिले होते, ‘आजाराची सुरुवात पीस स्टेशनवर (शांत भागातील छावणीत), सेवेशी संबंध नाही.’ डॉक्टरांच्या मार्गदर्शिकेनुसार फील्ड भागात, अतिउंचीवर किंवा बंडखोरीविरोधी कारवायांत असताना रक्तदाब सुरू झाला, तर तो सेवेने बळावला असे मानतात. म्हणून तो एकच शब्द, ‘पीस’, सगळा दावा खाली ओढत होता. आता फॉर्मच्या सुरुवातीला नेमणुकांची यादी असते. त्यात त्यांची शेवटची छावणी तेवढी होती. त्याआधीची अतिउंचीवरची अडीच वर्षे गायब. ती वर्षे सापडली पार्ट टू ऑर्डरमध्ये, कारण जवान कुठे रुजू झाला, कधी परतला, हे सारे तिथे छापले जाते. खाली उतरल्यावर दोन महिन्यांत झालेल्या वार्षिक तपासणीत त्यांचा रक्तदाब प्रथम वाढलेला आढळला होता, तीही नोंद निघाली. हवालदारसाहेब एवढेच म्हणाले, “सही करा म्हणाले, मी केली. वाचायला दिलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं.” एका कागदाची तारीख दुसऱ्या कागदाशेजारी ठेवल्यावर अपिलाचा मजकूर बदलला.

असे कागद हातात येणे हीच पूर्वी मोठी अडचण होती. बोर्डाची कार्यवाही गोपनीय समजली जाई. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने ती कोंडी फोडायला मदत केली, आणि आज नोंद दुरुस्त करून घेणारा माणूस सहसा इथूनच सुरुवात करतो : रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करून भरतीचा वैद्यकीय अहवाल, बोर्डाची संपूर्ण कार्यवाही, जखम असल्यास इंजरी रिपोर्ट व चौकशी समितीचा निष्कर्ष, आणि पार्ट टू ऑर्डरच्या प्रती मागणे. मग पहिले अपील, दुसरे अपील, आणि तरीही दाद लागली नाही तर न्यायाधिकरण. न्यायाधिकरणाच्या निकालावर उच्च न्यायालयात जाता येते, हे मार्च २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट झाले आहे. उशिरा दाद मागणाऱ्यासाठी २००८ च्या तरसेम सिंग निकालाची अडचण आहे : पेन्शन न मिळणे हा दर महिन्याला घडणारा अन्याय असल्याने दावा मरत नाही, पण मागची थकबाकी साधारणपणे याचिकेआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते.

आणि इथेच २००८ चे हक्क नियम लक्षात घ्यावे लागतात. त्यांनी पुराव्याचा भार दावेदारावर टाकला नाही, पण एक अपवाद जोडला : निवृत्तीनंतर पंधरा वर्षांनी दावा केला आणि तोवर साठवणुकीची मुदत संपून सेवेचे कागद नष्ट झालेले असतील, तर हक्क सिद्ध करण्याची जबाबदारी दावेदाराची. म्हणजे कागद सांभाळायचे खात्याने, ते नष्टही करायचे खात्याने, आणि त्यानंतर पुरावा द्यायचा जवानाने. हा अपवाद मला अन्यायाचा वाटतो, आणि तो ज्यांना लागू होतो ते बहुधा शिपाई-नाईक हुद्द्यावरून गावी परतलेले, कोणी वाट न दाखवलेले लोक आहेत.

२१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले. सेवेत कायम राहून पुढे निवृत्त होणाऱ्यांसाठी अपंगत्वाच्या भागाऐवजी ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ ही वेगळी संज्ञा आली. माजी सैनिक संघटनांनी विरोध केला. हे नियम मागे जाऊन लागू होणार नाहीत, असा खुलासा झाला. त्यामुळे त्या तारखेआधी सेवेतून बाहेर पडलेल्यांचे दावे आजही जुन्या नियमांवरच तपासले जातात, आणि त्यांच्या फायलीतला भरतीचा तो कोरा रकाना तितकाच बोलका राहतो. साताऱ्याच्या हवालदारसाहेबांनी त्या पानाच्या तीन झेरॉक्स काढल्या : एक अपिलासाठी, एक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयासाठी, आणि एक डिस्चार्ज बुकात घडी करून लोखंडी ट्रंकेत ठेवायला. त्यांच्या पंधरा वर्षांना तेव्हा चौदा महिने उरले होते.